फुकेत-बालीला स्कूबा: बडोद्याहून निघण्याआधीचं आणि बोटीवर चढल्यानंतरचं

प्रश्न थोडक्यात असा: बडोद्यातलं तिघांचं कुटुंब. वडील 47 वर्षांचे, रक्तदाबाची रोज एक गोळी चालू. आई 43, मुलगी 14. मालवणला आणि अंदमानातल्या हॅवलॉकला प्रत्येकी एकदा हात धरून केलेली डाइव्ह एवढाच अनुभव. डिसेंबरात नऊ दिवस फुकेत आणि बाली असा बेत आहे आणि तिघांनाही कार्ड, म्हणजे स्कूबा शिकल्याचं प्रमाणपत्र, मिळवायचं आहे. तिकडचे ऑपरेटर काय देतात, काय आपलं आपण पाहायचं आणि फसगत कुठे होते, हे त्यांनी विचारलंय.

सगळ्यात आधी बेताबद्दल. नऊ दिवसांत दोन ठिकाणं बसवू नका, एकच ठेवा, आणि डिसेंबरात ते फुकेत असू द्या. तेव्हा फुकेतलगतच्या अंदमान समुद्राचा हंगाम ऐन भरात असतो, तर बालीत पावसाळा चालू असतो. दुसरं कारण विमानाचं. खोल पाण्यात दाबाखाली घेतलेल्या हवेतला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळून राहतो आणि वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. तो पुरता निघण्याआधी विमानात बसलात, तर केबिनमधल्या कमी दाबामुळे त्याचे बुडबुडे होऊ शकतात. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे डॅन, एका साध्या डाइव्हनंतर किमान 12 तास आणि अनेक दिवस, अनेक डाइव्ह केल्यावर किमान 18 तास थांबायला सांगतं. बरीच दुकानं सरसकट 24 तास सांगतात आणि तेच धरून तिकीट काढावं. शेवटच्या डाइव्हहून दुपारी अडीचला वर आलात, तर 18 तास दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला पूर्ण होतात. म्हणजे त्या रात्रीचं मुंबईचं किंवा अहमदाबादचं विमान बाद. फुकेत ते बाली हेही विमानच. त्या बेतात हा हिशेब दोनदा करावा लागेल, आणि कोर्समध्ये कुणाचा कान अडला किंवा समुद्र खवळला तर हातात जादा दिवस उरणार नाही.

बाली पुढे कधी केलंत तर एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा, कारण पॅकेज बनवणारे ती हमखास विसरतात. सकाळी तुलांबेनला डाइव्ह आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बातूर पर्वतावर सूर्योदय, असा कार्यक्रम सर्रास दिलेला असतो. बातूर 1717 मीटर उंच आहे आणि किंतामणीचा रस्ताही सुमारे दीड हजार मीटरवरून जातो. शरीराच्या दृष्टीने ते विमानात बसण्यासारखंच आहे. डोंगर आधी, डाइव्ह नंतर, हा क्रम ठेवा.

आता ऑपरेटरकडे वळू. परदेशातलं डाइव्ह शॉप तुमच्याशी कसं वागणार, हे तुमच्या हातात कोणतं कार्ड आहे त्यावरून ठरतं. मालवणला झालं ते तिकडे ट्राय डाइव्ह म्हणून ओळखलं जातं. पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या नियमात त्याची मर्यादा 12 मीटर, आणि उघड्या समुद्रात एका इन्स्ट्रक्टरकडे जास्तीत जास्त चार जण. यात तुमची सगळी काळजी त्याच्यावर असते. ओपन वॉटर, म्हणजे कार्ड देणाऱ्या कोर्समध्ये तुम्ही विद्यार्थी असता: एका इन्स्ट्रक्टरमागे जास्तीत जास्त आठ, समुद्रातल्या चार डाइव्ह, त्या किमान दोन दिवसांत विभागलेल्या, पहिल्या दोन 12 मीटरपर्यंत आणि पुढच्या दोन 18 मीटरपर्यंत. तिसरा प्रकार फन डाइव्ह, म्हणजे कार्ड असलेल्यांची. तिथे पुढे पोहणारा गाइड वाट दाखवतो, मासे दाखवतो, गट एकत्र ठेवतो. तुमची हवा किती उरली, किती खोल गेलात, जोडीदार कुठे आहे, हे सांभाळणं तुमचं काम. आपल्याकडच्या लोकांचा इथेच गैरसमज होतो. हॅवलॉकला कुणीतरी टँकला धरून सगळीकडे फिरवलेलं असतं, तसं इथेही कुणी फिरवेल असं वाटतं. कार्ड झाल्यावर कुणी हात धरत नाही, आणि धरला नाही म्हणून ऑपरेटर वाईट ठरत नाही.

मुलीच्या बाबतीत मात्र हे जपून वाचा. 15 वर्षांखालच्यांना ज्युनियर ओपन वॉटर कार्ड मिळतं. 12 ते 14 वयात मर्यादा 18 मीटर, आणि सोबत कार्डधारक प्रौढ हवाच. म्हणजे तिला कार्ड मिळालं आणि तुम्हा दोघांपैकी कुणालाच मिळालं नाही, तर ती दर वेळी तुमच्याऐवजी गाइडबरोबर जाणार. कोर्स तिघांनी एकत्र करण्याचा बेत म्हणूनच योग्य आहे. तिच्या फॉर्मवर पालकाची सही लागते.

फॉर्मवरून आठवलं. घोळ सगळ्यात जास्त इथेच होतो आणि तो निस्तरायचा बडोद्यात. कोर्सच्या आधी तब्येतीची एक प्रश्नावली भरून घेतात, जगभर जवळपास सारखीच. 45 च्या पुढचं वय आणि त्यात रक्तदाब असेल तर उत्तर 'हो' येतं. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी चालू असेल तरीही 'हो' येतं. वडिलांची दोन्ही उत्तरं 'हो' आहेत. अशा वेळी डॉक्टरांची सही आणि शिक्का असलेलं पान नसेल, तर नियम पाळणारं दुकान तुम्हाला पाण्यात उतरवणार नाही. फुकेतमध्ये दवाखाना शोधणं, रांग लावणं, ईसीजी काढणं, यात एक दिवस जातो आणि पैसेही. काउंटरवर कुणी हळूच म्हणतं, "सगळीकडे 'नाही' लिहा, चालतं." असं कधीही करू नका. पाण्याखाली हृदयावरचा भार वाढतो, रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे जोराच्या श्रमात हृदयाचे ठोके पुरेसे वाढत नाहीत, आणि खोटं लिहिलेलं उघड झालं की विमा हात वर करतो. दुकानाकडून प्रश्नावली ईमेलवर मागवा, दोन प्रती छापा, आपल्या नेहमीच्या एमडी डॉक्टरांकडे निघण्याच्या महिनाभर आधी जा आणि गोळीचं नाव, मात्रा, ईसीजी हे सगळं बघून त्यांनी 'मान्य' वर खूण करून सही दिली तरच पुढचं बुकिंग करा. मान्य नसेल तर त्यांचं ऐका.

विमाही तेव्हाच बघा. नेहमीच्या प्रवास विम्यात साहसी खेळ वगळलेले असतात किंवा किती खोल जायचं याची अट असते. 'स्कूबा' हा शब्द पॉलिसीत कुठे आहे ते स्वतः शोधा. एजंटाच्या "सगळं कव्हर आहे"वर जाऊ नका. डिकंप्रेशन आजारात, म्हणजे वर सांगितलेले नायट्रोजनचे बुडबुडे शरीरात झाले तर, रिकंप्रेशन चेंबरमध्ये, म्हणजे हवेचा दाब वाढवलेल्या बंद कक्षात, उपचार लागतात आणि एक बैठक काही तासांची असते. हा खर्च खिशातून करण्यासारखा नाही. डॅनचा डाइव्ह विमा खास यासाठीच असतो.

बडोद्यात समुद्र नाही, पण अर्धा कोर्स घरी होऊ शकतो. थिअरी आता ऑनलाइन असते. ती संध्याकाळी घरी बसून संपवली, तर फुकेतमधला एक दिवस वाचतो. पोहण्याची चाचणी 200 मीटरची आहे, वेळेची अट नाही, कोणत्याही पद्धतीने पोहा. त्यानंतर आधाराशिवाय 10 मिनिटं तरंगायचं. लालबाग किंवा सरदारबागच्या पालिकेच्या तलावावर ऑक्टोबरातच सराव सुरू करा. 25 मीटरचा पूल असेल तर आठ फेऱ्या. चाळिशीनंतर पोहणं सोडलेल्या माणसाची दमछाक पाचव्या फेरीला होते. ती बोटीवर नको, इथेच होऊन जाऊ द्या.

दुकान निवडताना आधी स्टार मोजू नका, संदेश पाठवून नेमके प्रश्न विचारा. आमच्या इन्स्ट्रक्टरचं नाव आणि मेंबर नंबर काय? तो संस्थेच्या वेबसाइटवर तपासता येतो. गटात किती विद्यार्थी असतील? बोटीवर ऑक्सिजन किट आहे का, आणि जवळचं चेंबर कुठे आहे? कान उघडला नाही म्हणून एखादी डाइव्ह राहिली तर ती दुसऱ्या दिवशी करून घ्याल का, आणि त्याचे पैसे किती? चांगलं दुकान चारही प्रश्नांची सरळ उत्तरं देतं. ऑक्सिजनच्या प्रश्नावर "आमच्याकडे कधी अपघात झालेला नाही" असं उत्तर आलं, तर पुढे बोलू नका.

किमतीत काय धरलंय ते लेखी घ्या. कोर्सची जाहिरात एक आकडा सांगते, मग राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क, ऑनलाइन थिअरी, कार्डाचे पैसे, डाइव्ह कॉम्प्युटरचं (किती खोल, किती वेळ हे मोजणाऱ्या यंत्राचं) भाडं, हॉटेलहून ने-आण अशी भर पडत जाते. मालदीवचा बेत कधी केलात तर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं दिसतील. त्यांचा अर्थ 10 टक्के सर्व्हिस चार्ज आणि 17 टक्के पर्यटन कर वेगळा, म्हणजे शंभराचे जवळपास 129 होतात. अवाजवी स्वस्त दिसणाऱ्या कोर्सचं गणित सोपं असतं: तोच इन्स्ट्रक्टर, तीच बोट, विद्यार्थी मात्र आठ. तुमच्यासारख्या तिघांनी थोडे जास्त देऊन स्वतंत्र इन्स्ट्रक्टर घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. कोर्समधल्या पैशांचा यापेक्षा चांगला वापर नाही.

फुकेतचा दिवस साधारण असा जातो. सातच्या सुमारास हॉटेलवर गाडी, चालोंग धक्क्यावरून मोठी बोट, राचा याई बेटाच्या शांत खाडीत कोर्सच्या डाइव्ह, मधे तासाभराची विश्रांती, बोटीवरच जेवण, संध्याकाळी परत. भाताच्या शाकाहारी दिसणाऱ्या पदार्थातही फिश सॉस असतो, म्हणून आदल्या दिवशीच सांगून ठेवा. घरून खाऊ न्यायचा तर सुका न्या. तेलानं ओथंबलेला बडोद्याचा ओला, लीलो चिवडा डाइव्हच्या आधी हलत्या बोटीवर पोटात नको. बोट लागत असेल तर गोळी चढण्याआधी तासभर घ्या, बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. आणि तीच गोळी आधी घरी एकदा घेऊन बघा. काहींना फार झोप येते, आणि गुंगीत पाण्यात उतरायचं नसतं. मंगळसूत्र, अंगठ्या, पैंजण हॉटेलच्या तिजोरीत ठेवा. पोत हवेच्या नळीत अडकते आणि सुरकुतलेल्या ओल्या बोटावरून अंगठी कधी निसटली ते कळत नाही. थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानांत प्रवाळाला घातक अशा चार रसायनांच्या सनस्क्रीनला 2021 पासून बंदी आहे, त्यांत ऑक्सिबेन्झोन येतं. नळीवरचे घटक वाचूनच घ्या, किंवा लांब बाह्यांचा रॅशगार्ड घाला.

भाड्याचं सामान हातात आलं की घाई करू नका. इथली पाच मिनिटं खाली उपयोगी पडतात. मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा आणि नाकानं हलकेच श्वास ओढा. हात सोडल्यावर मास्क चिकटून राहिला तर तो तुमच्या मापाचा. दाट मिशीखालून पाणी झिरपतं. नाकाखालची एक बारीक पट्टी मोकळी केली तर फरक पडतो. चष्मा असेल तर नंबरची काच असलेला मास्क आधी कळवून मागवा. वेटसूट 3 मिलिमीटरचा पुरतो, पाणी 27 ते 29 अंश असतं.

टँक बहुधा ॲल्युमिनियमचा, 11.1 लिटरचा, 200 बार दाबापर्यंत भरलेला. आता यातली तपासणी बारकाईने बघा. रेग्युलेटर, म्हणजे टँकमधली हवा श्वासाला देणारं तोंडात धरायचं यंत्र, तोंडात धरा, हवेचा दाब दाखवणारं गेज डोळ्यांसमोर आणा आणि काट्यावर नजर ठेवून चार खोल श्वास घ्या. काटा जागचा हलता कामा नये. श्वास ओढताना तो खाली उतरून पुन्हा वर येत असेल, तर टँकचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. हे होतं असं की, पूर्वी व्हॉल्व्ह पूर्ण उघडून थोडा मागे फिरवायची पद्धत होती. बोटीवरच्या गडबडीत एक माणूस उघडतो, दुसरा त्याला बंद समजून उलटा फिरवतो आणि मग थोडासा मागे घेतो. व्हॉल्व्ह उरतो जेमतेम उघडा. वर बोटीवर श्वास व्यवस्थित येतो. 15 मीटरवर दाब अडीच पट झाल्यावर मात्र तेवढ्या फटीतून हवा पुरत नाही आणि टँक भरलेला असताना माणूस गुदमरतो. याला उपाय काटा बघणं, आणि उडी मारायच्या अगदी आधी पुन्हा एकदा बघणं. त्याच वेळी हवेचा वास घ्या. चांगल्या हवेला ना वास, ना चव. तेलकट किंवा धुराचा वास आला म्हणजे कॉम्प्रेसरचा फिल्टर जुना झालाय किंवा हवा इंजिनाच्या धुराजवळून ओढली गेलीय. टँक बदलून मागा. पुढच्या टँकलाही तोच वास आला तर त्या दिवशी पाण्यात जाऊ नका, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो आणि खोलीवर त्याचा घात वाढतो. हवा भरून तरंगवणारं जाकीट, म्हणजे बीसीडी, फुगवून पाच मिनिटं ठेवा. सैल पडलं तर गळतं आहे. पिवळा जादा रेग्युलेटर, ऑक्टोपस, त्यातूनही दोन श्वास घ्या. तो जोडीदारासाठी असतो आणि नेमका तोच सगळ्यात दुर्लक्षित असतो.

खाली जाता यावं म्हणून लावतात त्या शिशाच्या वजनाबद्दल इन्स्ट्रक्टरशी बोला. तलावाच्या गोड्या पाण्यात जमलेलं वजन समुद्रात कमी पडतं. माणूस आणि सामान मिळून 100 किलो असेल तर खारं पाणी सुमारे अडीच किलो जास्त वर ढकलतं. उलट बाजूनं, नवख्याला पटकन खाली नेता यावं म्हणून काही गाइड दोन-तीन किलो जास्त लावतात. मग ते वजन सांभाळायला बीसीडीत जास्त हवा भरावी लागते, ती हवा थोडं वर आलं की फुगते, खाली गेलं की आकसते, आणि माणूस पाण्यात लिफ्टसारखा वरखाली होत राहतो. तपासायची रीत अशी: डाइव्ह संपताना टँकमध्ये 50 बार असताना पृष्ठभागावर बीसीडी पूर्ण रिकामी करून श्वास धरा. पाणी डोळ्यांच्या पातळीला आलं तर वजन बरोबर. ॲल्युमिनियमचा टँक रिकामा होत आला की दोनेक किलो हलका होतो आणि वर ओढतो, म्हणून ही तपासणी भरलेल्या टँकवर करून उपयोग नाही.

डाइव्हआधीच्या सूचनांमध्ये, म्हणजे ब्रीफिंगमध्ये, गाइड किती खोल, किती वेळ, प्रवाह कुठला, हवा किती उरल्यावर कळवायचं, एकमेकांपासून सुटलो तर काय करायचं, हे सांगतो. शेवटचं सांगितलं नाही तर विचारा. सर्वसाधारण उत्तर असं: एक मिनिट इकडेतिकडे शोधा, सापडलं नाही तर हळूहळू वर या. इंग्रजी उच्चार कळला नाही म्हणून मान डोलवू नका. पुन्हा सांगायला लावण्यात कमीपणा नाही, तिकडे युरोपीय, जपानी, चिनी सगळेच विचारतात. बोटीवर चढताना आणि निघताना नावं घेऊन हजेरी झाली पाहिजे. 1998 साली ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर मोजणी चुकली आणि एक अमेरिकन जोडपं समुद्रातच राहून गेलं, ते सापडलं नाही. गर्दीच्या बोटीवर तुमच्या तिघांची हजेरी लागली हे स्वतः जाऊन बघा.

खाली कान हीच मुख्य अडचण. दर मीटरला नाक चिमटीत धरून हलकेच फुंका, दुखायच्या आधी. दुखायला लागल्यावर जोर लावला तर पडद्याला इजा होते. अर्धा मीटर वर या, पुन्हा करा. सर्दी असेल तर त्या दिवशी डाइव्ह नाही. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरलात आणि खाली तिचा असर संपला, तर हवा आत अडकते आणि वर येणं जास्त दुखतं.

हवेचा अंदाज आधीच असू द्या. 200 ते 50 बार म्हणजे वापरायला 150 बार, सुमारे 1660 लिटर. नवखा माणूस मिनिटाला 20 लिटर घेतो असं धरलं, तर 18 मीटरवर दाब 2.8 पट असल्यानं 56 लिटर लागतात. म्हणजे जेमतेम अर्धा तास. धाकधूक असेल तर वीस मिनिटंच. म्हणून 100 बारवर गाइडला खूण करा, 50 ची वाट पाहू नका. तुमची हवा आधी संपली म्हणून कुणी रागावत नाही. वर येताना मिनिटाला 9 मीटरपेक्षा वेग नको, 5 मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, आणि श्वास कधीही रोखून धरायचा नाही.

डाइव्हनंतरच्या पहिल्या दिवसात सांधा ठणकला, हातापायाला मुंग्या आल्या, अंगावर चट्टे उठले किंवा न समजणारा थकवा आला, तर तो डिकंप्रेशन आजार असू शकतो, दुखण्याची गोळी घेऊन झोपू नका. दुकानाला फोन करा, ऑक्सिजन मागा, विम्याचा नंबर लावा, आणि तपासणी होईपर्यंत विमानात बसू नका.

दुकान सोडण्याआधी काउंटरवर तिघांची नावं पासपोर्टप्रमाणे टाइप झाली का, जन्मतारीख बरोबर आहे का, फोटो चढवला का, हे स्क्रीनवर बघून घ्या. ई-कार्ड ईमेलवर येतं आणि जन्मतारीख चुकली तर दुरुस्तीला आठवडे जातात. मुलीच्या कार्डावर 'ज्युनियर' आहे याची खात्री करा. 15 पूर्ण झाल्यावर ते नेहमीच्या ओपन वॉटर कार्डात बदलून घेता येतं. लॉगबुकात चारही डाइव्हवर इन्स्ट्रक्टरची सही, खोली, वेळ आणि लावलेलं वजन लिहून घ्या. पुढच्या दुकानात सगळ्यात आधी हाच वजनाचा आकडा विचारतात.